पुरं लढू दे

छावणीतल्या बॉक्सिंग क्लबात फुलंब्रीहून रोज बसनं येणारा एक जण माझा सरावाचा जोडीदार होता. जिल्ह्याच्या अंतिम लढतीत, दुसऱ्याच फेरीत, त्याच्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला. त्यानं हात वर केला आणि पंचांना म्हणाला, "बस्स. मला दिसंना झालंय." लढत तिथंच संपली.

डोळ्याचा पडदा फाटत आलाय, पुन्हा रिंगमध्ये उतरू नको, असं डॉक्टरांनी बजावलं. गावात ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. स्टँडवर लोक त्याला 'बस्स' म्हणून हाक मारू लागले. घरी पाहुणे आले की वडील म्हणायचे, "तू भाईर बस. माणसं हसतेत."

वर्षभरानं, डोळ्याचं लपवून, तो पुन्हा स्पर्धेत उतरला. "कुणासाठी लढतोस?" मी विचारलं.

"एक डाव पुरं लढू दे. मग कुणी काय बोलणार नाय."

समोरच्यानं त्याची डावी बाजू हेरली आणि तिथंच मारत राहिला. हा तिन्ही फेऱ्या उभा राहिला आणि जिंकलाही. त्या डोळ्यानं मात्र त्याला परत कधी दिसलं नाही.

आठवड्यानं मी त्याला भेटायला गेलो. शेजारीपाजारी जमले होते. वडील सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "डॉक्टरानं सांगितलं होतं ना? मग थांबायचं की. एकदा थांबलाच होता ना तू."

त्यानं चहाचा कप घ्यायला हात पुढं केला, पण हात कपाच्या शेजारी पडला. मागं कुणीतरी हसलं.