तळ नसलेली इस्त्री

हे विश्वंभरा, मोहरीच्या दाण्यात तू मावतोस आणि आभाळ तुला आखूड पडते. तुझे माप कुणाच्याही पट्टीवर बसले नाही, म्हणून तर आम्ही तुला हात जोडतो. आज कथा सांगायची आहे ती ज्याची सगळी विद्या पट्टीवरच बसली होती अशा एका माणसाची, आणि त्याहून अधिक, त्याला सोसणाऱ्या त्याच्या बायकोची. सांगता सांगता जिभेला तिखट चढले तर सांभाळून घे. तिखट त्याच्या करणीचे आहे. जीभ तुझी आहे.

त्या माणसाला सगळी गल्ली ‘आठपट’ म्हणे. धंदा मूर्तिकाराचा, पण माणसांच्या मूर्ती घडवणे त्याला हलके वाटे. “नाक-डोळे लावले की झाली मूर्ती,” असे म्हणून तो हात झटकी. तो घडवी त्या रोजच्या वस्तू: कुलूप, कात्री, बूट, नळ. एक तर मूळच्या आठपट मोठ्या, नाहीतर आठपट लहान. न्हाव्याच्या दारावर छातीपर्यंत येणारी कात्री उभी होती, ती त्याची. चपलांच्या दुकानात काडेपेटीत मावेल असा बूट काचेआड होता, तोही त्याचाच. मूळ मापाच्या वस्तूविषयी मात्र त्याच्या मनात अपार तुच्छता. “आहे तेवढं करायला कारखाने आहेत,” तो म्हणे, “कलावंत लागतो तो माप बदलायला.” जणू परमेश्वराने सगळी सृष्टी चुकीच्या मापात घडवली आणि दुरुस्तीसाठी याला पाठवले!

आणि सज्जनहो, माप बदलण्याची त्याची रीत तर ऐका. वस्तू आतून पाहिल्याशिवाय बाहेरून घडत नाही, हे त्याचे ब्रह्मवाक्य. म्हणून नमुन्याची वस्तू तो लोखंड कापायच्या करवतीने उभी चिरी आणि तिची जाडी, तिची पोकळी, तिचा बाक मोजून घेई. नमुना बाहेरून आणावा हे त्याच्या शास्त्रात नव्हते. शास्त्रात घर होते. त्या घरात अर्धी किटली होती, अर्धे कुलूप होते, दाराची कडी दोन तुकडे होऊन खिडकीत पडली होती आणि दार सुतळीने बांधले जात होते. सासूबाईंच्या डाव्या चपलेचेही असेच झाले होते.

“माझ्या पोटी एकच पोर आलं,” सासूबाई भेटेल त्याला सांगत, “आणि त्यानं घरातल्या सगळ्याचे दोन केले. नातवंड तेवढं जमलं नाही.”

बायको रस्त्याकडेच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करी. तिची इस्त्री पितळेची, कोळशाची, जड. वडिलांचा हात थकला तेव्हा त्यांनी ती तिच्या हाती दिली होती. या इस्त्रीवर घराचे पोट चालत होते. आठपटांच्या कलेवर घराचे काय चालत होते, हे विचारण्याची हिंमत कुणी केली नव्हती.

अशात लाँड्रीवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांना बाजाराच्या तोंडाशी असलेली कमान ओकीबोकी वाटू लागली. अध्यक्ष म्हणजे असे गृहस्थ, की ज्यांनी जन्मात स्वतःच्या सदऱ्याची बाही सरळ केली नव्हती. ते आठपटांकडे आले आणि म्हणाले, “कमानीला मोठी इस्त्री टांगायची. पण जुनी, कोळशाची. विजेच्या इस्त्रीला रुबाब नाही.”

कोळशाची इस्त्री आता भंगारातही मिळेना. शहराचे सोडा, आठपटांच्या नजरेत एकच होती, आणि तिच्या मुठीवर बायकोचा हात होता.

“अगं, एक दिवस दे नुसती.”

“आणि संध्याकाळी परत किती द्याल? अर्धी?”

“जोडून देईन.”

“किटली जोडलीत?”

“किटली कलेसाठी गेली.”

“मग तीच कला कपात ओता आणि प्या.”

त्या दिवसापासून बाई इस्त्री नजरेआड करीनाशी झाली. भाजीला जाताना ती पिशवीत, अंघोळीला जाताना बादलीशेजारी. भाजीवाला एकदा म्हणाला, “काय वहिनी, कोबीच्या पानांना इस्त्री करायची का?”

“कोबी राहू द्या. तुमचं तोंड सरळ होतं का बघते.”

पण बाईचे हे हसणे भाजीपुरतेच होते. तिने सासूबाईंना सरळ सांगितले, “आई, ह्यांनी इस्त्रीला करवत लावली, तर मी भावाकडे जाईन. परत यायची नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “जाशील तर मलाही ने. इथं राहिले तर हा माझं माप कधी घेईल सांगता येत नाही.”

नमुना हाती लागेना, तेव्हा आठपट तिच्या टेबलाभोवती पट्टी घेऊन घिरट्या घालू लागले. चटके खात, शिव्या खात त्यांनी बाहेरून मापे घेतली. मग मागच्या पडवीत लाकडाचा सांगाडा उभा राहिला, त्यावर तारेची जाळी, तिच्यावर प्लास्टर, आणि प्लास्टरवर पितळी रंग. खोटे कशाला बोलावे? झाकण, त्याची खिटी, वाऱ्याची भोके, मूठ, सगळे देखणे उतरले. देव नालायकालाही हात देतो; ते कुठे थांबवायचे याची अक्कल मात्र मागून घ्यावी लागते, आणि मागणे आठपटांच्या स्वभावात नव्हते.

टांगून पाहण्याचा दिवस आला. साखळ्या ओढल्या गेल्या, इस्त्री कमानीला लागली, आणि जमलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. सज्जनहो, डोक्यावर टांगलेल्या इस्त्रीचे खालून काय दिसते? तळ. आणि तळ आठपटांनी केलाच नव्हता! त्यांच्या वस्तू आजवर फळीवर बसल्या, नाहीतर जमिनीवर उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच एक आकाशात चढली आणि तिने आपल्या निर्मात्याची आतली कारागिरी जगाला दाखवली: वाकडी खोक्याची फळकुटे, तारांच्या गाठी, प्लास्टरचे ओघळ. एका फळकुटावर तर खोक्यावरचा छापही तसाच होता: ‘ही बाजू वर’.

“हे काय?” अध्यक्ष म्हणाले. “कमानीला खोकं टांगलंत?”

“साहेब, इस्त्रीचा तळ कोण बघतो?”

“आत्ता मी बघतोय ना!”

कपड्यांचा गठ्ठा काखेत घेऊन बाई गर्दीत उभी होती. ती मोठ्याने बोलली नाही, पण शेजारच्यांना ऐकू गेले. “कापड बघतं,” ती म्हणाली.

गर्दी खदखदली. अध्यक्षांनी बजावले की उद्घाटनापूर्वी तळ झाला नाही, तर ही वस्तू जाळायला भट्ट्या पुष्कळ आहेत. इस्त्री खाली उतरली. तिच्याबरोबर आठपटही उतरले, मात्र त्यांना धरायला साखळी नव्हती.

दुपारी बाई परतली, तेव्हा नवरा खुंटीवरची करवत काढत होता.

तिने पिशवीतली इस्त्री काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरली. कोळसे विझलेले होते, पितळ गार होते. भावाच्या घराची वाट तिच्या डोळ्यांपुढून गेली. सासूबाई खाटेवर उठून बसल्या आणि पायांनी उजवी चप्पल चाचपू लागल्या.

आठपट करवत घेऊन आले, ते थेट आईच्या खाटेपाशी. “आई, ही तुझ्या गादीखाली ठेव,” ते म्हणाले. मग खोलीच्या मध्यभागी जमिनीवर उताणे पडले आणि बायकोला म्हणाले, “धर माझ्यावर. तळ दाखव.”

बाईने विचारले, “आणि हात सुटला तर?”

“नाक जाईल.”

“जाऊ द्या. आठपट लावून घ्या.”

पण ती पुढे झाली. पाय फाकवून उभी राहिली आणि ती जड इस्त्री तिने त्यांच्या तोंडावर वीतभर अंतराने धरली. ज्या माणसाने घरातले काहीही अखंड ठेवले नाही, तो तिच्या हातांखाली गळा उघडा टाकून पडला होता. मनात आणते तर किटलीपासूनचा सगळा हिशेब तिथेच मिटला असता.

तळ आरशासारखा होता. बटणांचे, चेनचे बारीक ओरखडे सोडले, तर लख्ख. त्यात आठपटांना स्वतःचे तोंड दिसले. मोठे नाही, लहान नाही, मूळ मापाचे. ते त्यांना फारसे आवडले नसावे, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने उघडले.

“टोकाशी वर वळलाय गं.”

“नाहीतर घडीत अडकतो.”

“मला कधी दिसलं नाही.”

“तुम्ही कापायच्या बाजूनं बघत होता.” तिने मुठीवरची पकड बदलली. “बघून झालं का? आता खरंच सुटेल.”

“सुटायची नाही,” ते म्हणाले.

या माणसाच्या तोंडून बायकोविषयी निघालेला हा पहिला चांगला शब्द. तोही आडवा पडून!

स्टीलचा पत्रा आणला गेला. टोक वळवले आठपटांनी. घासून लख्ख केला बाईने, कारण नवऱ्याचे घासणे तिला मान्य होईना. इस्त्री पुन्हा कमानीवर चढली. आता खालून जाणारे लोक वर बघतात, स्वतःला पाहतात, आणि कॉलर सरळ करून पुढे जातात. उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले, “तळाची कल्पना मुळात माझीच.” म्हणू देत. त्यांच्या डोक्यावरच आरसा टांगला आहे. वर पाहतील तेव्हा पाहतील.

करवत गादीखालीच आहे. सासूबाई म्हणतात की ती पाठीला रुतते, पण झोप चांगली लागते. आठपटांनी मध्यंतरी किटलीचे दोन तुकडे डाग देऊन जोडले. जन्मातले त्यांचे पहिले मूळ मापाचे काम, आणि ते गळते. बाई खाली वाटी ठेवते, गळलेला चहा त्याच वाटीतून नवऱ्यापुढे सरकवते आणि म्हणते, “तुमचा वाटा.” ते निमूट पितात.

हे विश्वंभरा, त्या घराला सांभाळ. त्या माऊलीची इस्त्री गरम राहो आणि तिचे हात गार राहोत. म्हाताऱ्या आईला दोन्ही पायांत चपला मिळोत. आणि त्या आठपटाला, देवा, जसा आहे तसाच ठेव. याहून मोठा केलास तर त्या घरात मावणार नाही, आणि लहान केलास तर ती बाई त्याला शोधत बसेल.