तीन बॉल आणि माझी वही

गुलाबी बॉलांचा डबा माझ्या टेबलावर आपटून साहेब म्हणाले, "घ्या मॅडम, लेडीज बॉल. तुम्हाला काय, कुठलाही चालेल."

लॅबमधली दोघं हसली. मला हसू आलं नाही. बोईसरच्या या कारखान्यात रबर तपासण्यात माझी एकोणीस वर्षं गेलीत. रबर किती दबतं, दबून किती उसळतं, हे मी रोज मोजते. आणि हा माणूस मला सांगत होता की बॉलने मला फरक पडत नाही!

गोल्फ मी चाळिशीनंतर शिकले. आम्ही सांगलीकडचे, आमच्या घरात हा शब्दसुद्धा कुणी कधी उच्चारला नव्हता. कंपनीच्या वसाहतीमागे सहा होलचं छोटं मैदान आहे. संध्याकाळी तिथे फिरायला जायचे. तिथल्या माळीकाकांनी एकदा गंमत म्हणून माझ्या हातात काठी दिली आणि ती पुढे सुटलीच नाही. मग एका वर्षी आसपासच्या कंपन्यांच्या स्पर्धेसाठी चौघांच्या संघात माझं नाव आलं. साहेब संघाचे प्रमुख. पुरुषांनी साहेब खेळतात तोच, सगळ्यात महागडा बॉल घ्यायचा, असा त्यांचा हुकूम. आणि मी गुलाबी.

मी डबा कपाटात टाकला आणि दुकानातून तीन प्रकारचे बॉल आणले: एक स्वस्त, एक मधल्या किमतीचा, एक साहेबांचा. तीन आठवडे रोज सकाळी ड्यूटीआधी मैदानावर. एकाच जागेवरून, एकाच काठीने, प्रत्येक बॉलचे दहा फटके. पावलांनी अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवातीला मी फक्त लांबी बघत होते. स्वस्त बॉल कडक. तो सगळ्यांत लांब गेला तेव्हा मी खूश झाले. गवत कापणारे माळीकाका थांबले. बोईसरजवळच्या माहीमला त्यांची पानवेलीची वाडी आहे, बोलणंही तिकडचंच.

"बाई, लांब तर वारा पन नेतो," ते म्हणाले. "भोकाजवल जाऊन तो थांबतो का, ते बगा. आनि मारताना हाताला कसा लागतो, त्ये पन बगा."

मग मी होलच्या भोवतीचे छोटे फटके मारून पाहिले. स्वस्त बॉल हिरवळीवर पडून दगडासारखा पुढे पळायचा, आणि तो मारताना मनगटात टणक ठोका बसायचा. महागडा तिथे झकास बसायचा, पण लांबच्या फटक्याला माझ्या ताकदीत तो मागेच राहायचा. शिवाय पाणथळीत गेला की जीव हळहळायचा आणि पुढचा फटका मी भीतभीत मारायचे. मधला बॉल मऊ होता. लांबी पुरेशी, थांबणं चांगलं, आणि हरवला तरी पुढचा फटका मोकळेपणाने मारता येतो. मी तोच निवडला आणि वहीत खाली कारणं लिहिली.

साहेबांनी वही मागितली. "बघू तरी, काय चाललंय तुमचं." मी दिली. हा माझा मूर्खपणा.

स्पर्धेआधी सगळ्या कंपन्यांच्या संघांची बैठक आमच्याकडे होती. पडद्यावर माझाच तक्ता आला. माझेच आकडे, माझीच कारणं, अगदी माझे शब्दसुद्धा. वर साहेबांचं नाव. ते पाहुण्यांना सांगत होते, "मी स्वतः तीन आठवडे चाचण्या केल्या. आमचा संघ आता मधल्या किमतीचा बॉल वापरणार." पाहुणे माना डोलावत होते.

माझे कान तापले. मी उभी राहिले.

"साहेब, सातव्या दिवशी तिन्ही बॉल कमी का गेले?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "वारा असेल."

"वारा नव्हता. आदल्या रात्री पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. बॉल पडेल तिथेच रुतत होता. हे मला माहीत आहे, कारण त्या सकाळी माझे बूट चिखलात होते. हे आकडे माझ्या वहीतले आहेत."

साहेब हसले. "अहो मॅडम, टीमवर्क! आपलं सगळं एकच ना?"

"मग वर चौघांची नावं टाका," मी म्हटलं.

नावं पडली नाहीत. दोन दिवसांनी नोटीस लागली: यंदा संघात नव्या सहकाऱ्याला संधी. माझ्या जागी साहेबांच्या विभागातला एक जण, आणि त्याच्या खिशात मी निवडलेला बॉल! मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन वही परत मागितली. त्यांनी ती खुर्चीतून न उठता पुढे सरकवली. "एवढ्याशा बॉलवरून एवढा राग?"

"राग बॉलचा नाही, हे तुम्हालाही कळतंय," मी म्हणाले आणि दार न लावताच बाहेर पडले.

स्पर्धेच्या दिवशी मी मैदानाकडे फिरकले नाही. संघ तिसरा आला, असं दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐकलं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. फक्त घास कडू लागला.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना आता. खेळच आहे."

"मी सोडणार नाही," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी मी चाचण्यांच्या तारखा, वहीच्या प्रती आणि माळीकाकांचा सही केलेला जबाब जोडून वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली. माळीकाकांना नोकरी जाण्याची भीती होती, तरी त्यांनी सही केली. तक्रारीला चार ओळींचं उत्तर आलं: यापुढे अशा कामात संबंधितांचा उल्लेख केला जाईल. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत.