व्याही, पोर्तुगाल आणि एक सही

जगात अशी एकही गोष्ट नाही, जिचा संबंध आमचे व्याही पाच मिनिटांत गोव्याशी जोडू शकत नाहीत. इथे परदेशात, आमच्या ब्रॉसार्डमध्ये पहिला बर्फ पडला की "आमच्या फोंड्याला..." अशी सुरुवात होते, आणि फोंड्याला बर्फ कधी पडला होता हे विचारायची सोय नसते. माझ्या मुलाचं त्यांच्या मुलीशी लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच भेटीत मी चहा पिता पिता सहज म्हणालो, "सत्तेचाळीस साली तुमच्याकडेही मोठा जल्लोष झाला असेल, नाही?" विहीणबाईंनी डोळेच मिटून घेतले. व्याह्यांनी कप खाली ठेवला. "कसला जल्लोष? आम्ही आणखी चौदा वर्षं पोर्तुगालात होतो. तुम्ही पुण्याचे लोक आम्हाला न्यायला विसरलात." मग मुलाची नोकरी, मुलीची पत्रिका सगळं बाजूला राहिलं आणि आम्ही साडेचारशे वर्षांचा इतिहास ऐकला. लग्न जमलं ते बहुधा मी शेवटपर्यंत जागा राहिलो म्हणून.

पंधरा ऑगस्टला महाराष्ट्र मंडळात सगळे झेंड्याखाली उभे असतात, तेव्हा हे मागच्या खुर्चीत बसून बटाटेवडा खातात. त्यांचा दिवस एकोणीस डिसेंबर. त्या सकाळी ते ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतात, बर्फाच्या ढिगात काठी रोवून तिरंगा लावतात आणि मला फोन करतात. उणे अठरा तापमानात राष्ट्रगीत म्हणताना दात वाजतात, पण एक ओळही लवकर उरकू देत नाहीत. समोरचे फ्रेंच शेजारी खिडकीतून हात हलवतात. त्यांना वाटतं, आमच्या धर्मात या दिवशी असंच करतात.

राजकारण त्यांच्या घरात मुरलेलं. गोव्यानं महाराष्ट्रात जावं की वेगळं राहावं याचा कौल घेतला तेव्हा त्यांचे वडील विलीनीकरणाचे आणि काका विरोधातले. दोघा भावांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं सोडलं आणि 'मीठ वाढ' हेसुद्धा एकमेकांना या पोरामार्फत सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही सरकारवर यांचा विश्वास नाही. आमच्या मंडळाची कार्यकारिणी निवडून आली की हे तिथल्या तिथे विचारतात, "यातले फुटणार कोण ते आत्ताच सांगा. आमच्याकडे सकाळी शपथ एका बाजूनं घेतात आणि जेवायला दुसऱ्या बाजूला असतात!"

आणि फुटबॉल! पोर्तुगालविरुद्ध जो खेळेल तो आपला, हा त्यांचा नियम. ज्या देशाची राजधानी कुठली हे त्यांना सांगता येणार नाही, त्या देशासाठी मी त्यांना घसा बसेपर्यंत ओरडताना पाहिलं आहे. पण पोर्तुगालचा गोल हुकला की पहिला कपाळाला हात यांचाच. विचारलं तर म्हणतात, "खेळ वाईट झालेला मला पळोवंक जायना." म्हणजे बघवत नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते आमच्या नातीपर्यंत. ती सोळा वर्षांची आहे आणि चेंडू तिच्या पायाला चिकटून असतो. गेल्या वर्षी लिस्बनच्या एका क्लबचा माणूस तिचा खेळ पाहून गेला आणि म्हणाला, अठरा पूर्ण झाल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन आलीस तर तुला आत्ताच घेतलं समज. पासपोर्ट मिळण्याजोगा होता. एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपला नागरिक मानतं. फक्त आधी आजोबांनी वकिलातीत जाऊन आपला जन्म पोर्तुगालच्या दप्तरी नोंदवायचा. पुढच्या कामाला वर्ष-दीड वर्ष लागणार होतं, तेव्हा सही याच महिन्यात हवी होती.

"आजोबा, इट्स जस्ट अ पासपोर्ट!" नात म्हणाली.

"जस्ट?" एवढंच म्हणून व्याही बेसमेंटमध्ये गेले. त्यांच्या वडिलांना पोर्तुगीजांनी आग्वादच्या तुरुंगात डांबलं होतं. चार वर्षांचे व्याही आईचं बोट धरून तिथे डबा घेऊन जायचे. हे त्यांनी इतक्या वर्षांत मला एकदाच सांगितलं होतं, तेही माझ्याकडे पाठ करून उभं राहून.

तीन आठवडे असेच गेले. विहीणबाई माझ्या बायकोला फोन करून नुसत्या उसासे टाकायच्या. सून बापाशी बोलेना. नात सराव करून यायची आणि बूट न काढताच पायरीवर बसून राहायची. पोर्तुगालच्या मॅचच्या दिवशीही व्याह्यांचा टीव्ही बंद होता, आणि मला खरोखरच भीती वाटली. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा त्यांचा फोन आला. "व्याही, गाडी काढा. एकट्यानं जाववत नाही."

वकिलातीतली मुलगी फ्रेंचमध्ये विचारत होती. व्याह्यांनी उत्तरं पोर्तुगीजमध्ये द्यायला सुरुवात केली. नऊ वर्षांचे असताना सुटलेली ती भाषा, पण शाळेत पाठ केल्यासारखी घडाघडा आली. त्या मुलीचा चेहरा खुलला. नाव, गाव, आईचं नाव झालं आणि मग ते थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचे वडील गोव्यात काय करत होते, विचारते." मग तिच्याकडे वळून ते दोनच शब्द बोलले आणि मला मराठीत म्हणाले, "तिला म्हटलं, कैदी होते. तुमचेच."

मुलीनं लिहिणं थांबवलं. हे आता उठणार, अशी माझी खात्रीच झाली. तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं. व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याच्या आधी? मास्तर होते. देवळाच्या पडवीत मुलांना मराठी शिकवायचे." तेच पुन्हा तिच्या भाषेत सांगितलं. तिनं 'शिक्षक' लिहिलं, वाचून दाखवलं. व्याह्यांनी सही केली.

गाडीत बसल्यावर आधी ते खुशीत होते. "बघितलंत? ज्या शिकवण्यापायी बाबांना धरून नेलं, तेच शेवटी त्यांना लिहून घ्यावं लागलं!" मग पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या आणि त्यांचा आवाज उतरला.

"व्याही, माझा नंबर तुमच्या आधी लागणार. वर गेलो की मी बाबांना थोडे दिवस चुकवीन. तुम्ही आलात की हे तेवढं तुम्हीच त्यांना सांगा. पोरीसाठी केलं म्हणावं. तुम्ही परके, तुमचं ते ऐकून घेतील."

"सांगेन," मी म्हणालो. आणि कधी न पाहिलेल्या त्या मास्तरांसमोर उभं राहून नेमकं काय बोलायचं, याची जुळवाजुळव मी अजून करतो आहे.