धरणावरचे भाऊजी

गिरणी केव्हाच बंद पडली, पण तिच्यासाठी बांधलेलं काँक्रीटचं धरण मागे उरलं. धरण कसलं, दोन पुरुष उंचीची भिंत आणि तिच्यामागे अडलेलं हिरवट पाणी. सुट्टीच्या दिवशी सगळं गाव तिथे डुंबायला लोटायचं. भिंतीवर खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून वहिनीचा धाकटा दीर बसायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरात कुणी भीक घालेना, म्हणून त्यानं धरणावर राज्य थाटलं होतं.

वहिनी शिवणाचं दुकान चालवायची आणि रोज सकाळी तिथे पोहायची. दिराचा तिला मनापासून तिटकारा. तरुणपणी थोरल्या भावाला बुडताना वाचवल्याची गोष्ट तो येईल त्याच्या गळ्यात मारायचा. थोरला भाऊ म्हणजे तिचा नवरा. पाणी तेव्हा जेमतेम छातीपर्यंत होतं आणि यानं उगाच केस धरून ओढलं, असं नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. चारचौघांत मात्र तो बापडा मरेपर्यंत मान डोलावत राहिला. त्याचाही तिला रागच यायचा.

एका सुट्टीला शेवाळावरून घसरून एक बाई खोल पाण्यात पडली. दीर ताडकन उठला आणि शिट्टी फुंकू लागला. गाल फुगले, चेहरा लालबुंद झाला, पाय काही जागचे हलेनात. काठावर डबा खात बसलेली वहिनी अंगावरच्या कपड्यांनिशी आत शिरली आणि बाईला काखेत धरून बाहेर घेऊन आली. ती तिची पाठ चोळत होती, तोवर दीर लोकांना सांगत होता की शिट्टी वेळेवर वाजली म्हणून जीव वाचला, आणि वहिनीला पोहायला शिकवलं तेही आपणच.

"भाऊजी, तुम्हाला पोहता येतं का?" तिनं केस पिळत विचारलं.

"हल्ली गुडघा दुखतो."

"गुडघ्याचं नाही विचारलं."

तो सदऱ्याच्या टोकानं शिट्टी पुसू लागला. पण लोकांच्या कानात शिट्टीच राहिली होती. बाईच्या नवऱ्यानंही त्याचेच हात हातात घेतले.

आठवड्यानं तो खाकी कापड घेऊन दुकानात आला. धरणावर शोभेल असा सदरा हवा होता. वहिनीनं टेप काढली, तर म्हणाला, मापं तोंडपाठ आहेत, पोट छत्तीस. तिनं एकवार त्या पोटाकडे पाहिलं आणि छत्तीसच लिहिलं. सदरा सुरेख झाला, खांद्यांवर पट्ट्यासुद्धा लावल्या. खालची तीन बटणं तेवढी लागत नाहीत.