साखर घरोघर गेली, रेडिओ ठाण्यात गेला

शाळेच्या फळ्यावर रोज रेडिओच्या बातम्या वाचणाऱ्यांनो, आजची बातमी आपलीच आहे. हायस्कूलचा रेडिओ पोलिसांनी नेला.

रेडिओ आम्ही पोरंच चालवायचो. लढाईमुळं जर्मन स्टेशन लावायला बंदी, पण जर्मनांच्या कैदेत असलेल्या आपल्या शिपायांची नावं तिथंच सांगतात. काल उचगावच्या तुकारामचं नाव ऐकलं. त्याच्या आईला गुपचूप कळवलं, "आक्का, तुकाराम जित्ता हाय. कुणाला बोलू नका."

"न्हाय बोलत रं."

बोलली नाहीच. पण सकाळी तिनं घरोघर साखर वाटली. पोलीसपाटलाच्या घरीसुद्धा. दुपारी पोलीस आले.

संध्याकाळी बाकीच्या शिपायांच्या आया शाळेच्या दारात बसल्या होत्या. रेडिओच्या रिकाम्या टेबलाकडं बघत एक म्हणाली, "माझ्या पोराचंबी नाव ऐका की रं."

खाली जागा सोडलीय. तिला काय सांगायचं, तुम्हीच लिहा.