आमच्या साडूंची गाडी बसत नाही

ताठ मानेची माणसं जालना जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील, पण ताठ पाठीची गाडी अख्ख्या गोदाकाठी एकच आहे आणि ती आमच्या साडूंची आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम शहागड, हायवेला लागून घर, घरापुढं लिंब आणि लिंबाखाली पांढरी पिकप. या पिकपच्या मागं ट्रॉली जोडून त्यांनी तीस वर्षांत काय काय ओढलंय याची यादी त्यांनाही पाठ नाही. उसाचे चरक ओढले, लग्नातले जनरेटर ओढले, एकदा तर एका गावची पाण्याची टाकी ओढून नेली; ती रिकामी करायची राहून गेली होती हे गावकऱ्यांना पोचल्यावर कळलं, कारण वाटेत एक थेंब सांडला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या पिकपला जड ट्रॉली लावली की तिचं बूड खाली जातं, नाक वर होतं आणि ती वरातीतल्या दमलेल्या घोड्यासारखी दिसायला लागते. साडूंची गाडी मात्र परातीतल्या पाण्यासारखी सपाट. तीन पिकप झाल्या, पण एकही कधी बसली नाही.

आता 'बसणे' हे क्रियापद साडूंच्या घरात निषिद्ध आहे, हे आधी सांगायला हवं. मी तिथं पहिल्यांदा गेलो ते नवा जावई म्हणून, टोपी-उपरण्याच्या अपेक्षेनं. साडू ओट्यावर उभे होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, मग मागून एक चक्कर मारून पुन्हा न्याहाळलं आणि म्हणाले, "टेका." मला वाटलं भिंतीला टेकायचंय. तसाच अर्धा तास टेकून उभा राहिलो. शेवटी मेव्हणीबाईंनी आतून येऊन खुलासा केला की यांच्याकडं पाहुण्याला 'बसा' म्हणत नाहीत, 'टेका' म्हणतात. मी जालन्यात मराठी शिकवतो. मला राहवेना. विचारलं, बसण्यात वाईट काय? त्यावर साडूंनी मला असं व्याकरण शिकवलं की माझी पदवी परत करावीशी वाटली. धंदा बसतो, आवाज बसतो, भिंत बसते, दंड बसतो, धसका बसतो, गाल बसतात. "चांगलं काय बसतं ते सांगा, गुर्जी." मी पुष्कळ डोकं खाजवून म्हटलं, मेळ बसतो. चौथ्या दिवशी त्यांचा जालन्याला फोन आला, तब्येत-पाणी काही न विचारता म्हणाले, "मेळाचं मान्य हाय. पण तेवढंच."

त्यांची दुसरी खोड म्हणजे वीत. ट्रॉली जोडण्याआधी ते पिकपच्या चारी चाकांवरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर वितीनं मोजतात, ट्रॉली जोडल्यावर पुन्हा मोजतात. मागं दोन बोटांच्या वर फरक पडला किंवा पुढं पत्रा उचलला, तर गाडी हलणार नाही; मग मांडवात नवरीला चक्कर येवो नाहीतर मंत्री ताटकळो. मी एकदा त्यांना टेप आणून दिला. त्यांनी तो मेव्हणीबाईंना ब्लाउज शिवायला दिला. "टेप समद्याचा सारखाच असतो," म्हणाले, "वीत आपली असते." आणि ही वीत गाडीपुरती थांबत नाही. एका लग्नात आमचे सगळे वजनदार नातेवाईक स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात फोटोला उभे राहिले, तेव्हा साडूंनी स्टेजच्या पायाला वीत लावून दोन आत्या आणि एका सरपंचाला उजवीकडं हलवलं. लोक हसले. अक्षता पडल्या, साडू जेवायला गेले, आत्या परत डावीकडं आल्या आणि पुढचं मी सांगत नाही. त्या सरपंचाला अजून पायऱ्या चढवत नाहीत.

एकदा ते अंबडहून जालन्याला एसटीनं निघाले. मागच्या सीटांवर बाजार करून आलेल्या बायका आणि त्यांची गाठोडी, पुढं सगळं मोकळं. साडूंनी दांडी धरून भाषणच केलं की मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, हलक्या चाकाला ना वळण कळतं ना ब्रेक, अन् स्टेअरिंग म्हणजे नुसती पत्रावळ होते हातात. बायकांना त्यातलं पत्रावळ तेवढं कळलं, पण माणूस पोटतिडकीनं बोलतोय म्हणून त्या गाठोड्यांसकट पुढं सरकल्या. त्या ड्रायव्हरनं पुढं पाच वर्षं शपथेवर सांगितलं की त्या दिवशी चढावर गिअर बदलावा लागला नाही. मला ते खरं वाटतं. शहागडच्याच एका बसक्या पिकपचे दिवे इतके आभाळाकडं जायचे की ती पुलावर आली की काठावरचे बगळे दिवस उगवला समजून मासे धरायला उतरायचे, हे तर मी साडूंच्याच तोंडून ऐकलंय, म्हणजे पाहिल्यासारखंच.

साडूंच्या समोरच कमानपाट्यांचे मिस्त्री आहेत. पाटा म्हणजे चाकावरच्या कमानीतली लोखंडी पट्टी. गाडी बसायला लागली की सगळी दुनिया या मिस्त्रीकडं येऊन एकेक पाटा वाढवून घेते, गाडीचं बूड वर येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. साडूंनी तीस वर्षांत एक पाटा वाढवलेला नाही. दोघं जिवलग मित्र आहेत, सकाळचा चहा एका कपबशीत घेतात, पण या एका मुद्द्यावर बोलणं म्हणजे भांडणच. "पाटा गाडीला उचलतो, वजनाला न्हाई," साडू म्हणतात. "आजारी माणसाच्या पाठीला उशी लावली म्हणून ताप उतरतो का? वजन जिथं हाय तिथंच हाय. पुढचं चाक उपाशीच ऱ्हातं." हे ज्ञान कुठून आलं विचाराल, तर बैलगाडीतून. त्यांचे वडील पंचक्रोशीतले नामी गाडीवान. त्यांचे दोनच शब्द साडूंनी वारशात घेतले, शेती धाकट्या भावांना दिली. ओझं पुढं सरकून बैलांच्या मानेवर आलं की गाडी धुरजड. मागं गेलं आणि जू वर उचलून बैलांचा गळा आवळायला लागलं की गाडी उलाळ. दहा हिश्श्यातला एक, फार तर सव्वा, मानेवर. बाकी सगळं ट्रॉलीच्या चाकावर. धुरजड ट्रॉली पिकपला बसवते आणि उलाळ ट्रॉली रस्त्यावर शेपटी हलवते. एवढंच शास्त्र. मी हे दोन शब्द शब्दकोशात पाहिले, तिथंही होते. मला उगाचच अभिमान वाटला.

साडूंना एकच लेक. माझी भाची. लहानपणी ती बाहुलीच्या लग्नात बाहुलीची गाडी धुरजड झाली म्हणून वऱ्हाड थांबवायची. पुढं तिनं तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून एक यंत्र बनवलं. बियाणं साफ करणारं, खडा-माती वेगळी काढणारं, चाळणी, पंखा, जनरेटर सगळं एका ट्रॉलीवर. गावोगाव नेऊन शेतकऱ्याच्या खळ्यावर चालवायचं. चुलते हसले. पोरगी नटबोल्टाशी भातुकली खेळती म्हणाले. साडू रोज शेडच्या दारापर्यंत जायचे, तिची पाठ बघायचे आणि परत यायचे. लेकीनं बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

यंदा जालन्याला कृषी प्रदर्शन भरलं आणि त्यात तरुणांच्या यंत्रांची स्पर्धा होती. यंत्र सकाळी दहाच्या आत मैदानात हवं, नंतर फाटक बंद. मी कौतुकासाठी आदल्या दिवशीच शहागडला गेलो होतो. सकाळी सहाला ट्रॉली शेडमधून बाहेर काढली, पिकपच्या हुकावर तिचं नाक ठेवलं आणि तीस वर्षांत घडलं नाही ते घडलं. पिकप बसली. चांगली चार बोटं बसली. पुढचा पत्रा दोन बोटं वर. साडूंनी एकदा वीत लावली, दुसऱ्यांदा लावली, मग हात धोतराला पुसून तिसऱ्यांदा लावली. समोरून मिस्त्री आले, नेमके दोन पाटे खांद्यावर टाकूनच, जणू ते तीस वर्षं याच मुहूर्ताला टपले होते. "अर्ध्या घंट्यात चढवतो," म्हणाले. "दोस्तीत." बघता बघता निम्मं शहागड लिंबाखाली जमलं. हसायला आलेले चुलतेही त्यात होते.

मला वाटलं आता स्फोट होणार. साडूंनी सगळ्या यंत्राभोवती एक फेरी मारली आणि जनरेटरपाशी थांबले. जनरेटर ट्रॉलीच्या अगदी नाकावर बसवला होता. सगळं ओझं तिथं. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं, एवढ्या वर्षांत मीही शिकलोय. एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलला की दोन वर्षांचं यंत्र चुकलं असं भावांसमोर म्हटल्यासारखं होणार होतं. साडूंनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा भावांकडं पाहिलं आणि किल्ली खिशातून काढली.

"चला," ते म्हणाले. "बसली तर बसली. सावकाश नेतो."

मिस्त्रीच्या खांद्यावरचे पाटे खाली पडले. मेव्हणीबाई दारात आल्या, त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं उभी राहिली. ज्या माणसानं मंत्र्याला ताटकळवलं, तो लेकीचं मन मोडू नये म्हणून बसकी गाडी घेऊन भर हायवेनं जालन्याला जायला निघाला होता.

भाची हलली नाही. तिनं बापाकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, धुरजड झाली ना?"

साडू जमिनीकडं बघत म्हणाले, "थोडी."

"मंग सांगत का न्हाई? मी तुमच्या बोलण्याचीच वाट पाहून राह्यले."

आणि तिनं पाना घेतला. जनरेटर तिनं भोकं पाडून ठोकला नव्हताच. तो दोन रुळांवर होता, रुळांत लांब खाचा होत्या, खाचांत चार बोल्ट. पहिल्या दिवसापासून तिनं तशीच सोय ठेवली होती. ट्रॉली कुठल्या गाडीला लागेल, तिच्यावर कधी किती बियाणं असेल, हे आधी कुणाला ठाऊक? मेळ ऐनवेळी बसवायचा असतो, आणि बाबांच्या वितीशिवाय तो बसत नाही, एवढं तिला पाळण्यातच कळलं होतं. बापलेकीनं जनरेटर हातभर मागं सरकवला. शेजारच्या शेटजींच्या आडतीवरून पोती तोलायचा काटा आणला, ट्रॉलीचं नाक त्यावर टेकवलं. साडू म्हणाले उलाळ व्हायला लागली, दोन बोटं पुढं घे. तिनं घेतला. ते म्हणाले अजून अर्धं बोट. तिनं अर्धं घेतलं. बोल्ट आवळले, ट्रॉली हुकावर ठेवली, साडूंनी चारी चाकांना वीत लावली. शहागडच्या इतिहासात एवढी शांतता गोदामाय आटली तेव्हाही नव्हती.

"मेळ बसला," साडू म्हणाले.

मग भावांकडं वळून, मान न उचलता, एवढंच म्हणाले, "भातुकली बघितली का?"

आम्ही जालन्याला पावणेदहाला पोचलो. वाटेत अंबडच्या अलीकडं मी खिडकीतून डोकं काढून मागं पाहिलं. ट्रॉली अशी येत होती, जशी पाटावरची परात. परीक्षकांनी यंत्र चालवून पाहिलं, मग एकानं त्या खाचा कशाला म्हणून विचारलं. भाची म्हणाली, गाडी धुरजड होऊ नये म्हणून. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. तिनं बापाला पुढं ढकललं. साडूंनी तीन परीक्षकांना बैलगाडीवर जे व्याख्यान दिलं, त्यामुळं पुढच्या चार यंत्रांना वेळ उरला नाही, अशी तक्रार नंतर झाली म्हणे. भाचीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. साडूंनी शहागडला येऊन सांगितलं की पहिलं मिळालं होतं, पण ते ट्रॉली उलाळणाऱ्या एका पोराला द्यावं लागलं, नाहीतर तो रडला असता. मी त्याला दुजोरा देतो आणि पुढंही देणार.

आता यंत्राला बोलावणी येतात आणि पिकप भाचीच चालवते. परवा गेलो तेव्हा ती केदारखेड्याकडं निघाली होती, चांगली आठ दिवसांसाठी. साडूंनी वीत लावली, चारी बाजूंनी, आणि पाचवी एकदा उगाच. तिनं खिडकीतून विचारलं, बराबर हाय का? ते म्हणाले, बिलकुल बराबर, जल्दी निघ. गाडी हायवेला लागली. साडू रस्त्याच्या कडेला उभे राहून तिची पाठ बघत राहिले, पार अंबडच्या वळणापर्यंत.

"बसली न्हाई ना, गुर्जी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

ते परत फिरले. लिंबाखाली पिकपच्या जागी चार थेंब तेल पडलं होतं, त्याला वळसा घालून ओट्यापाशी आले. थोडा वेळ उभे राहिले. मग हळूच ओट्यावर बसले, शेजारची धूळ हातानं झटकली आणि मला म्हणाले,

"बसा, गुर्जी."

मी बसलो.