मागच्या खोलीपर्यंतची वायर

आठ रंगांचा क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पंचवीस वर्षं सूर्यमाळकडच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या मास्तराला त्यात अवघड काय? नेटच्या वायरीच्या दोन्ही टोकांना मी स्वतः प्लग बसवले, आठ दिव्यांच्या टेस्टरची एक डबी माझ्याजवळ ठेवली, दुसरी धाकट्या भावाकडे मागच्या खोलीत दिली, आणि बटण दाबलं.

"एक पेटला!" मी पुढून ओरडलो.

"दादा, इथं आठ पेटलाय!" तो मागून ओरडला.

पाढा बरोबर होता. दुसऱ्या टोकाला प्लग मी उलटा धरला होता. बायको मधल्या खोलीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं, पोरांची परीक्षा संपल्यावर हे कळलं."

मी टोक कापून टाकलं आणि पुन्हा बसलो. मे महिन्याच्या सुट्टीत मला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. कारण मात्र होतं.

आमचं जव्हारचं घर म्हणजे एका रांगेत पाच खोल्या. पुढच्या दोन वडिलांनी बांधलेल्या, दगडी, हातभर जाड भिंतींच्या. तिसरी मी वाढवली आणि मागच्या दोन भावानं. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून. वडील गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या, त्यात भांडण नव्हतं. दोन बायका, दोन चवी. पण माझी खोली आणि त्याची खोली यांच्यामधल्या दाराला आम्ही कडी बसवली नाही. ते दार दिवसभर उघडं. इकडची भाजी तिकडे, तिकडची भाकरी इकडे.

एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या भाऊ म्हणाला होता, "इथं मुलांचं काही होणार नाही, दादा. साधं नेट येत नाही मागं."

ते मला लागलं. राउटर पुढच्या खोलीत. तिथून नेट निघायचं, पहिली दगडी भिंत कशीबशी पार करायचं, दुसऱ्या भिंतीशी दम सोडायचं. आणि आमच्या ओळखीतली नोकरदार घरं एकेक करून नाशिकला चालली होती. बायकामुलं तिकडे ठेवायची, आपण सोमवारी पहाटे घाट उतरायचा, शनिवारी परत चढायचा. आमच्या घरातही असंच झालं, तर त्या मधल्या दाराला एक दिवस कडी लागेल, कडीला कुलूप लागेल. मला ते बघायचं नव्हतं.

भावानं कारण नेटचं सांगितलं, म्हणून मी उपाय नेटचा शोधला. मास्तर माणूस. प्रश्नात दिलंय तेवढंच धरून गणित सोडवतो.

बाजारातून वायरीचं भेंडोळं आणलं, प्लग आणले, पट्ट्या आणल्या, ड्रिल मशीन एका वायरमनकडून मागून आणलं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक वायर पुढून तिसऱ्या खोलीत, एक पार मागे. चार दिवस काम चाललं. भाऊ सकाळी तासभर आणि कचेरीतून आल्यावर शिडी धरायचा, मी वर चढायचो. वडिलांच्या भिंतीत ड्रिल घुसेना. दगड तापायचा, मशीन तापायचं, मीही तापायचो.

"दादा, दारावरनंच ने ना वायर. दार कुठं लावतो आपण?"

"काम करायचं तर पक्कं करायचं," मी धूळ थुंकत म्हणालो. "पाच-दहा वर्षं बघायला नको."

त्यानं शिडीखाली साचलेली धूळ पायानं बाजूला सारली.

"कशाला एवढा त्रास घेतोस?" हे तो चार दिवसांत निदान सहा वेळा म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटायचं. मी म्हणायचो, "त्रास कसला त्यात? घरचंच तर काम आहे." त्याच्या खोलीत खिळे मारायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "इथं कमी मार, भिंत खराब होते." तेही मला पटलं. माणूस नीटनेटका आहे, म्हटलं.

त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली चार खोकी होती. त्याची बायको म्हणाली, "उन्हाळ्याची आवराआवर चाललीय, दादा." मी खोकी स्वतः उचलून बाजूला केली, मागून वायर नेली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. एकातून स्टीलच्या डब्यांचा आवाज आला. उन्हाळ्यात माणसं स्टीलचे डबे का बांधून ठेवतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडलेला प्रश्न असा होता, की वायर खोक्यामागे दाबली तर जाणार नाही ना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी टेस्टरवर दोन्हीकडे एक ते आठ सरळ दिवे पेटले. भावाच्या लॅपटॉपला वायर लावली. लॅपटॉपच्या कडेला हिरवा ठिपका लुकलुकायला लागला, आणि मी पुढच्या खोलीत धावलो. तिथे राउटरला जोडलेला माझा प्रिंटर आहे. शाळेचे कागद त्यावरच निघतात. मी तिथूनच आवाज दिला, "पाठव रे काहीतरी! कसलंही!"

त्यानं काही पाठवायच्या आधीच प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. मी तो दोन्ही हातांनी उचलला. माझ्या वायरीतून आलेला पहिला कागद.

तो अर्ज होता. मुख्याध्यापकांना. आम्ही सहकुटुंब नाशिक येथे राहावयास जात असल्याने माझ्या दोन्ही पाल्यांचे शाळा सोडल्याचे दाखले मिळावेत, ही विनंती. खाली भावाचं नाव. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं मागच्या खोलीतून हा अर्ज प्रिंटला सोडला, पण नेटच पोचत नव्हतं, तर प्रिंटर कुठून सापडणार? मग त्यानं तो बाजारात जाऊन काढला आणि शाळेत देऊन मोकळा झाला. घरातला अर्ज लॅपटॉपमध्ये तसाच वाट बघत अडकून राहिला. मी चार दिवस दगड फोडून त्याला रस्ता करून दिला.

"आला का, दादा?" मागून आवाज.

"आला."

माझ्या आवाजावरून त्याला कळलं असावं. तो पुढे आला. कागद बघितला. मानेमागे हात नेला. लहानपणी पाटी फुटली की न्यायचा, तसा.

"सांगणारच होतो."

"कधी? टेम्पो दारात उभा राहिल्यावर?"

"पहिल्या दिवशी सांगायलाच आलो होतो. तू म्हणालास, शिडी धर."

"मग शिडी धरून सांगायचं होतंस!"

"तू एवढ्या हौसेनं भोकं पाडत होतास, दादा. माझं तोंडच उघडेना."

ओरडावंसं वाटत होतं, पण अंगभर भिंतीची धूळ, हातात चिमटा, कपाळाला चिकटपट्टी. अशा अवतारात कुणाला ओरडता येत नाही. नाशिकला जाणं मी समजू शकलो असतो. कदाचित मीच टेम्पो ठरवून दिला असता. पण चार दिवस तो माझ्या पायाखालची शिडी धरून होता आणि त्याला ठाऊक होतं की मी त्याला थांबवायला चढलोय. ते मला गिळवेना. अजूनही गिळवत नाही.

तो मागे गेला. मधलं दार त्यानं हळूच ओढून घेतलं. कडी नसल्यामुळे ते पुन्हा वीतभर उघडलं.

मी तांदळाच्या सुपाजवळ जाऊन बसलो. कागद बायकोपुढे धरला. तिनं तो वाचला नाही, नुसता बघितला. तेवढ्यावरून मला कळलं.

"तुलाही माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"खोकी मीच आणून दिली तिला, किराणा दुकानातून."

"आणि मला उलटा प्लग लावताना बघत बसलीस! एक शब्द बोलली नाहीस!"

"धाकटीनं शपथ घातली होती," ती म्हणाली. सुपातला एक खडा बाजूला काढला आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. "आणि हे बघा, आता रुसून ती वायर उपटायला जाऊ नका. ती मंडळी गेली की मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन नेणार आहे मी. ब्लाउजचं कटिंग बघायला तिथं नेट लागेल मला."